सातारा-सांगलीतल्या कागदी गांधीलमाश्या: आपल्याकडं एवढीशीच उघडी पोळी का, आणि या मुळात कुठल्या?

द्राक्षमांडव (तासगाव)

ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत गांधीलमाश्यांचं पान भरायचं आहे. आजूबाजूच्या गावांच्या वह्या बघितल्या तर 'गांधीलमाशी : आढळते' एवढ्यावर विषय मिटवलाय. प्रत्यक्षात इकडं किमान तीन वेगळ्या दिसतात. विहिरीवरच्या स्टार्टर पेटीत आणि मांडवाच्या अँगलला लोंबणारं करड्या कागदाचं उघडं पोळं, त्यावर बारीक तांबूस-काळपट माश्या. गोठ्याच्या आढ्याला तसंच उघडं, पण मोठ्या घरांचं (कप्प्यांचं) पोळं. तिथल्या माश्या पिवळ्या, उडताना पाय खाली सोडणाऱ्या. तिसरी काळी, जाडजूड, पोटावर रुंद पिवळा पट्टा. ती या दोघींच्या पोळ्यांवर येते, पण तिचं स्वतःचं घर काही दिसत नाही.

यांची ओळख नुसत्या रंगावर न जाता कशी पक्की करायची? दुसरं म्हणजे, ब्राझीलकडच्या चित्रफितींत हजारो माश्यांची, बाहेरून बंद अशी मोठाली पोळी दिसतात. आपला पट्टाही उष्ण कटिबंधातलाच, मग इथं सगळं तळहाताएवढं का? या माश्या गोंडवनातून (दक्षिणेकडच्या जुन्या अखंड खंडातून) भारताच्या भूखंडाबरोबर आल्या असं एका ठिकाणी वाचलं, ते धरून चालावं का? आणि महाबळेश्वरपासून जतपर्यंत नोंदी घ्यायच्या तर पद्धत काय ठेवावी?

वळचणकर (कराड)

आधी तिसरी बाजूला काढा. ती वेस्पा ट्रॉपिका. ती कागदाचंच घर करते, पण कागदी गांधीलमाश्यांच्या उपकुळातली नव्हे. जमिनीतल्या बिळात, ढोलीत, भिंतीच्या पोकळीत आवरणाच्या आत पोळं बांधते, म्हणून ते दिसत नाही. तुमच्या पोळ्यांवर येते ती अळ्या आणि कोष काढून न्यायला. ती आली की बारक्या माश्या फारसा प्रतिकार न करता पोळं सोडून शेजारी बसतात. तसं दिसलं तर तीही नोंदच आहे, वहीत लिहा.

उरलेल्या दोघी म्हणजे रोपॅलिडिया आणि पोलिस्टिस. रंग खरंच विसरा, एकाच जातीत गडद-फिकट चालतं. आकारावरही जाऊ नका, कारण पोलिस्टिस स्टिग्मासारखी लहान अंगाची पोलिस्टिस रोपॅलिडियात सहज खपून जाते. बाजूनं कंबर बघा. पोलिस्टिसमध्ये पोटाचा पहिला खंड छोट्या शंकूसारखा रुंदावत जातो आणि पुढचं पोट दोन्हीकडं निमुळतं असतं. रोपॅलिडियात पहिला खंड बारीक देठासारखा असतो. दुसऱ्या खंडाची वरची आणि खालची पाटी एकमेकींना सांधलेली असून त्याचा एकसंध फुगा झालेला असतो, आणि मागचे खंड बहुतेक वेळ त्यात ओढून घेतलेले असतात. त्यामुळं माशी शेपटीकडं अचानक संपल्यासारखी वाटते.

माशी हाती लागत नसेल तर पोळ्याची पाठ बघा. मला ही खूण सगळ्यात भरवशाची वाटते आणि लोक नेमका त्याच बाजूचा फोटो काढत नाहीत. अळी कोषात जाताना आयुष्यभराची विष्ठा एकदम टाकते. पोलिस्टिसमध्ये ती घराच्या तळाशी तशीच वाळून काळी खपली होते. रोपॅलिडियाच्या कामकरी माश्या घराच्या बुडाला बाहेरून भोक पाडतात, खपली ओढून फेकतात आणि भोकावर नव्या कागदाचं ठिगळ लावतात. म्हणून जुन्या पोळ्याची वरची बाजू, जिथून देठ निघतो ती, बारीक गोल ठिगळांनी भरलेली दिसते. सोडून दिलेलं पोळं उजेडासमोर धरलं तर ठिगळं वेगळी कळतात. रोपॅलिडिया ज्या गटात येते त्या सगळ्या गटाची ही सवय आहे, आणि वर्गीकरणात तिला वजन आहे.

स्टार्टर पेटीतली बहुधा रोपॅलिडिया मार्जिनाटा. पोटाच्या फुग्याच्या कडेला पिवळी रेघ असेल. आढ्याची पिवळी बहुधा पोलिस्टिस ऑलिव्हेशियस. 'बहुधा' मुद्दाम लिहितोय. जात ठरवायला चेहऱ्याचा समोरून आणि कंबरेचा बाजूनं, असे दोन्ही फोटो लागतील.

कोयनाकाठ (पाटण)

दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण तिथंच खरी गंमत आहे.

कागदी गांधीलमाश्यांच्या उपकुळात नऊशेहून जास्त जाती आणि चार मोठे गट आहेत. पहिला पोलिस्टिसचा: एकच प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा समूह), दोनशेहून जास्त जाती, आणि अंटार्क्टिका सोडून सगळीकडं. दुसरा मिस्कोसिटारसचा, हाही एका प्रजातीचा, अडीचशेच्या घरात जाती; जवळजवळ सगळ्या दक्षिण आणि मध्य अमेरिकेत, थोड्या उत्तरेला. तिसरा एपिपोनिनी, त्यात पॉलिबिया, अ‍ॅजेलाया, ब्रॅकिगॅस्ट्रा, रात्री उडणारी अ‍ॅपॉइका वगैरे. हा पूर्णपणे अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातला. चौथा रोपॅलिडिनी, जुन्या जगाचा: रोपॅलिडिया, पॅरापॉलिबिया, पॉलिबिऑइडिस आणि मुख्यतः आफ्रिकेतली, भारतापर्यंत थोडीशी पोचलेली बेलोनोगॅस्टर.

तुम्ही चित्रफितीत बघता ती बंद पोळी तिसऱ्या गटाची. त्या माश्या झुंडीनं वसाहत घालतात. अनेक राण्या आणि शेकडो कामकरी एकदम उठतात, पुढं गेलेल्या शोधक माश्या पानांवर, दगडांवर पोट घासून गंधाची वाट आखतात आणि बाकीच्या तिच्यामागून जातात. नव्या जागी पहिल्या दिवसापासून बांधकामाला आणि राखणीला भरपूर हात असतात. अ‍ॅजेलाया व्हिसिना या जातीच्या एका वसाहतीत दहा लाखांहून जास्त माश्या मोजल्या गेल्यात. याउलट पोलिस्टिस, मिस्कोसिटारस आणि आपल्याकडच्या बऱ्याच रोपॅलिडिया यांच्यात एकटी मादी किंवा चार-दोन माद्या मिळून देठ लावतात आणि पहिलं घर काढतात. पहिल्या कामकरी बाहेर पडायला अंड्यापासून साधारण दोन महिने जातात. तोवर बांधणं, शिकार, राखण सगळं त्याच बघतात. अशी वसाहत शंभरीच्या आत-बाहेर राहते. म्हणजे 'उष्ण कटिबंध' हे उत्तर नाही, वसाहत घालायची रीत हे उत्तर आहे.

आता नकाशाकडं बघा. झुंडीनं जाणारी माशी एकटी कुठं रुजू शकत नाही. अख्खी झुंड समुद्र ओलांडत नाही, मोठं माळरानसुद्धा अवघड. पण गाभण पोलिस्टिस मादी फळीच्या फटीत, कंटेनरच्या कोपऱ्यात बसून कुठंही जाते आणि एकटी पोळं घालते. पोलिस्टिस ऑलिव्हेशियस हिंदी महासागरातल्या आणि पॅसिफिकमधल्या बेटांवर अशीच पसरली. युरोपातली पोलिस्टिस डोमिन्युला १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बोस्टनजवळ सापडली आणि तिथून पसरत गेली. पोलिस्टिस व्हर्सिकलर १९८० च्या दशकात गालापागोसला पोचली आणि तिथल्या सुरवंटांवर तुटून पडली. माणसाबरोबर समुद्र ओलांडलेल्या कागदी गांधीलमाश्यांची ठळक नावं घ्या, सगळी एकट्यानं पोळं घालणारी निघतील.

जुन्या जगात झुंडवाल्या अगदी नाहीत असंही नाही. रोपॅलिडियातच दोन्ही रीती आहेत. दक्षिण भारतातली रोपॅलिडिया माँटाना हजारोंच्या संख्येनं राहते आणि आवरणाचं मोठं पोळं करते. उत्तर ऑस्ट्रेलियात रोपॅलिडिया रोमँडी तशीच. पॉलिबिऑइडिसही झुंडीची. जुन्या जगात आणि अमेरिकेत ही रीत वेगवेगळी उगम पावली, एकीकडून दुसरीकडं गेली नाही. डोमिनिकन अंबरमध्ये (झाडाच्या दगड झालेल्या राळेत) अ‍ॅजेलाया प्रजातीची माशी सापडली आहे. ते अंबर दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीचं, म्हणजे अमेरिकेतला झुंडवाला गट निदान तेवढा तरी जुना धरावा लागतो.

माणगंगा (दहिवडी)

वरच्या प्रतिसादाशी सहमत. गोंडवनाचा मुद्दा राहिला, तो घेतो.

ती कल्पना येते कुठून ते कळण्यासारखं आहे. दोन गट दक्षिण अमेरिकेत, एक आफ्रिका-आशिया-ऑस्ट्रेलियात, हे चित्र तुटलेल्या दक्षिण खंडासारखंच दिसतं. पण आपल्या भूखंडाची वेळापत्रकं बघा. भारत मादागास्करपासून सुटला सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, आशियाला टेकला सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, आणि मधे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, सातारा-सांगलीच्या पायाखालचा हा सगळा काळा कातळ लाव्हा म्हणून वाहत होता. रोपॅलिडियाच्या जाती आज सगळ्यात जास्त आहेत त्या आशियाच्या उष्ण पट्ट्यात. आपल्या भागातली मार्जिनाटा इथपासून न्यू गिनीपर्यंत पसरलेली आहे. भारताच्या तराफ्यावर बसून आलेल्या गटाचं हे रूप नव्हे. आग्नेय आशियाच्या बाजूनं जमिनीवरून पसरत आलेल्या गटाचं वाटतं. जाती जास्त म्हणजे उगम तिथलाच असं होत नाही, हे खरं. तरी वहीत 'गोंडवनातून आली' असं ठोकून देऊ नका.

पोलिस्टिसबद्दल जास्त ठामपणे बोलता येतं. २०१५ साली सहा जनुकं, शरीररचना आणि वर्तन एकत्र घेऊन तिची वंशावळ मांडली गेली. नव्या जगातल्या सगळ्या पोलिस्टिस एकाच फांदीवर आल्या, म्हणजे अमेरिकेत ही प्रजाती एकदाच गेली आणि मग तिथं फुटली. उगमाची जागा शंभर टक्के ठरली नाही, पण आशियाच्या उष्ण भागाशी जुळते. आणि आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे, सुरुवातीच्या पोलिस्टिस उष्ण किंवा उपोष्ण हवेतल्याच असाव्यात असं निघालं. एक जुना तर्क असा होता की पोळ्यावर एकाच राणीची सत्ता ही रीत थंडीत तग धरायची गरज म्हणून आली. त्याला या वंशावळीनं आधार दिला नाही. युरोप-अमेरिकेतलं वार्षिक चक्र, म्हणजे हिवाळ्यात फक्त गाभण माद्या लपून राहणं आणि वसंतात नव्यानं सुरुवात, ही नंतरची जोड म्हणायची. पाठ्यपुस्तकं तेच चक्र 'गांधीलमाशीचं जीवनचक्र' म्हणून छापतात आणि आपली पोरं पाठ करतात, त्याला काय म्हणावं.

मार्जिनाटाला असलं वेळापत्रक नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हिच्यावर अनेक दशकं काम केलंय. तिचं पोळं वर्षाच्या कुठल्याही महिन्यात सुरू होतं आणि राण्या बदलत बदलत लांबत जातं. राणी इतकी शांत की बघून ओळखू येत नाही. ती काढली तर काही मिनिटांत एक कामकरी एकदम आक्रमक होते, आठवडाभरात अंडी घालू लागते आणि हळूहळू तीही मवाळ होते. जवळची रोपॅलिडिया सायाथिफॉर्मिस मात्र उलट, तिची राणी बाकीच्यांना दमात ठेवते. एकाच प्रजातीत हे दोन्ही नमुने, म्हणून वर्तनाच्या उत्क्रांतीसाठी जगभर या भारतीय माश्यांचं नाव घेतलं जातं.

एक बारीक दुरुस्ती. 'कागदी गांधीलमाशी' या नावाखाली सगळ्या सामाजिक गांधीलमाश्यांचा एकच उगम धरू नका. आग्नेय आशियात आणि आपल्या दक्षिण घाटात मिळणाऱ्या स्टेनोगॅस्ट्रिनी या नाजूक, हवेत तरंगणाऱ्या माश्याही एकत्र राहतात. २००७ मधल्या जनुकीय अभ्यासात त्यांचं एकत्र राहणं स्वतंत्रपणे आलेलं निघालं.

द्राक्षमांडव (तासगाव)

फारच उपयोगी. पण मग एक शंका. एकट्या मादीनं घातलेलं उघडं पोळं दोन महिने टिकतं कसं? आपल्याकडं मुंग्या काय कमी आहेत? अळ्यांनी भरलेलं पोळं म्हणजे मुंग्यांना जेवणावळच.

कोयनाकाठ (पाटण)

बरोबर जागी बोट ठेवलंत. १९७९ साली रॉबर्ट जीन या कीटकशास्त्रज्ञांनी उत्तर अमेरिकेपासून ब्राझीलपर्यंत वेगवेगळ्या ठिकाणी गांधीलमाशीच्या अळ्या आमिष म्हणून ठेवून बघितलं. विषुववृत्ताकडं जावं तसा मुंग्यांनी त्या शोधून नेण्याचा वेग वाढत गेला. उष्ण पट्ट्यात पोळ्याची सगळी रचना या एका शत्रूभोवती फिरते असं म्हटलं तरी चालेल. झुंडीची रीत आणि बाहेरचं आवरण हा एक तोडगा. दुसरा तोडगा तुमच्या मांडवात लटकतोय.

पोळ्याचा देठ नीट बघा. बाकी कागद करडा आणि खरखरीत, पण देठ काळा, चिवट आणि लाख चढवल्यासारखा चकाकणारा. तोंडातल्या स्रावाचे थर त्यावर पुन्हा पुन्हा चढवलेले असतात. देठ जितका बारीक, तितकी मुंगीला वर चढायची वाट अरुंद. मधूनच माशी देठाकडं जाते, पोटाचं टोक वाकवते आणि शेवटच्या खंडाची खालची बाजू देठावर घासते. तिथं मुंग्यांना पळवणारा स्राव देणारी ग्रंथी असते. ती व्हॅन डेर व्हेख्त या कीटकशास्त्रज्ञांच्या नावानं ओळखतात. एकटी संस्थापक मादी शिकारीला निघण्याआधी ही घासाघीस करताना दिसते, पोळ्यावर माश्या वाढल्या की कमी होते. कारण उघड आहे, राखणीला कुणी तरी घरी असतंच.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. मांडवाची तार किंवा केबल पोळ्याला टेकली की देठाचा उपयोग संपला. मुंग्या तारेवरून सरळ घरांत उतरतात आणि एका रात्रीत पोळं रिकामं करतात. रिकामी, पण न फाटलेली पोळी दिसली तर आधी असा पूल शोधा. कडा ओरबाडलेल्या, कोषांवरची टोपणं फाडलेली असतील तर वेस्पा येऊन गेलीय.

वळचणकर (कराड)

नोंदींच्या पद्धतीबद्दल.

आपला पट्टा या कामाला सोन्यासारखा आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५५०० ते ६००० मिलिमीटर पाऊस, दहिवडीकडं ५०० च्या आसपास, आणि मधलं सरळ अंतर १०० किलोमीटरच्या आत. दोन ओळी घ्या. साताऱ्यात महाबळेश्वर, वाई, सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी. सांगलीत शिराळा, वाळवा, तासगाव, कवठेमहांकाळ, जत. प्रत्येक ठिकाणी सारखाच वेळ द्या, दोन माणसं दोन तास पुरे. वर्षातून चार फेऱ्या: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. एकाच फेरीवर 'इथं नाही' असं लिहिलं तर ते बहुतेक वेळा चूक ठरतं, कारण मार्जिनाटाची पोळी वर्षभर नवी-जुनी चालू असतात.

सगळ्यात मोठी गफलत होते ती जागा निवडताना. घरं, पत्र्याची शेडं, पूल इथली पोळी नजरेला येतात, पानाखालची आणि कातळाच्या कपारीतली राहतात. मग नकाशा माश्यांचा न होता बांधकामांचा होतो. म्हणून दोन तासांतला एक तास बांधकामांना, एक झाडझुडूप-कपारींना असा सक्तीनं वाटा. काहीच सापडलं नाही तरी शून्य लिहा. शून्य नसलेली वही नंतर कुणालाच कामाला येत नाही.

प्रत्येक पोळ्यासाठी लिहायचं ते असं: तारीख आणि वेळ, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, पोळं कशाला टांगलंय आणि जमिनीपासून किती वर, तोंड कुठल्या दिशेला, घरांची संख्या, त्यातली टोपण घातलेली किती, आणि माश्या किती. माश्या दुपारी मोजू नका, अर्ध्या बाहेर असतात. अंधार पडल्यावर टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावून मोजा, लाल उजेड त्यांना फारसा दिसत नाही. घरं मोजायला फोटो सरळ खालून, दीड-दोन मीटरवरून, झूम करून. मग पडद्यावर मोजा. मे महिन्यात पत्र्याखालच्या पोळ्यांवर माश्या पाणी आणून घरांच्या कडांना लावताना आणि पंखांनी वारा घालताना दिसतात, तेही टिपा. जतच्या बाजूला पाण्यापासूनचं अंतर हा रकाना हवाच.

नर वेगळे मोजा. पोलिस्टिसमध्ये चेहरा फिकट पिवळा आणि मिशीचं टोक वळलेलं असेल तर नर, त्याला नांगी नसते. मादीच्या मिशीत १२ कांड्या, नराच्या १३. फोटो चांगला असेल तर मोजता येतात.

सोडून दिलेली पोळी जरूर गोळा करा. देठ कापून कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी येते. ते पाकीट पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये टाका, नाहीतर किडे महिन्याभरात कागदाचा भुगा करतात. पाकिटावर पेन्सिलनं लिहा. जात पक्की करायला पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. कोयना-चांदोलीच्या राखीव जंगलात वन खात्याच्या परवानगीशिवाय काहीही गोळा करू नका, सोडलेलं पोळंसुद्धा नाही.

माणगंगा (दहिवडी)

स्टार्टर पेटीचं तेवढं सांगतो. केबल आत येते ते भोक उघडं असतं म्हणून ती मादी आत जाते: अंधार, कोरडं, वाऱ्यापासून आडोसा. पोळं दहा घरांच्या आत असेल आणि एकच माशी असेल तर मेन स्विच बंद करून, ती बाहेर गेली की देठ काडीनं तोडा आणि भोक बारीक जाळी किंवा एम-सील लावून बुजवा. भोक तसंच ठेवलं तर पुन्हा तिथंच पोळं लागतं. मोठं झालेलं पोळं रात्री, अंगभर कपडे आणि तोंडाला जाळी घालूनच. पेटीत रॉकेल किंवा फवारा अजिबात मारू नका, ठिणगी पडली की पेटी जाते आणि माणूसही. जी पोळी वाटेत येत नाहीत ती राहू द्या, दिवसभर सुरवंट उचलण्याचं काम त्या फुकट करतात.

डंख बसला तर नांगी शोधत बसू नका, मधमाशीसारखी ती आत तुटून राहत नाही. धुवा, बर्फ लावा. अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, दम लागणं यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट दवाखाना.

द्राक्षमांडव (तासगाव)

रकाने आखून घेतले. पोळ्याच्या पाठीची ठिगळं आजच बघितली, पेटीतलं पोळं रोपॅलिडियाच. आढ्याच्या पोळ्याची पाठ खालून दिसत नाही, शिडी लावायच्या भानगडीत न पडता ते सोडलं जाईपर्यंत थांबतो. शिराळ्याच्या बाजूची ओळ घ्यायला कुणी तयार असेल तर व्यक्तिगत निरोप करा, ऑगस्टच्या फेरीपासून सुरू करू.